पट्टी वाकवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

टीपॉय, बाक, अभ्यासाचे टेबल यांचे पाय लोखंडी पट्टीतून घरीच वाकवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. त्यांतल्या बऱ्याच तक्रारी वाकवण्याच्या वाटतात, पण मुळाशी आखणीची चूक निघते. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. वेगळे सांगितले नसेल तिथे पट्टी ४० मिमी रुंद, ६ मिमी जाड, गरम लाटलेल्या साध्या पोलादाची, म्हणजे नेहमीची ‘एमएस पट्टी’ धरावी. ती रुंद अंगावर आणि थंडच वाकवायची आहे. अशी पट्टी मीटरला सुमारे १.९ किलो भरते.

प्रश्न: टीपॉयसाठी पट्टीची चौकट करायची होती. खाली ५०० मिमीचा तळ, दोन्ही बाजूंना ४१० मिमी उंचीचे पाय आणि वर फळीला स्क्रू मारण्यासाठी आत वळवलेले ६० मिमीचे कान. सगळ्यांची बेरीज १४४० म्हणून तेवढी पट्टी कापली. ६०, ४७०, ९७० आणि १३८० वर रेघा मारून वाकवली. पाय ४२१ भरले आणि तळ ५११. चूक कुठे झाली?

बेरजेत. तुमची सगळी मापे बाहेरून बाहेर घेतलेली आहेत. अशा मापात प्रत्येक कोपऱ्याचे बाहेरचे टोक दोन्ही बाजूंच्या लांबीत धरले जाते. पट्टी मात्र त्या टोकापर्यंत जातच नाही, ती गोल वळून जवळच्या वाटेने पुढे निघते.

आकड्यांत बघू. वाकताना पट्टीचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधला एक थर लांबीला होता तसाच राहतो. आतली गोलाई पट्टीच्या जाडीइतकी असेल, तर हा थर आतल्या अंगापासून जाडीच्या साधारण ०.४ पटीवर असतो. इथे गोलाईची त्रिज्या ६ आणि त्यात २.४ मिळवून ८.४ मिमी. काटकोनासाठी त्याला १.५७१ ने गुणले की १३.२ मिमी येतात. म्हणजे कोपऱ्यात खरी पट्टी १३.२ मिमी लागते. बाहेरून मोजताना तुम्ही त्याच कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी १२-१२ असे २४ मिमी दिलेत. फरक १०.८ मिमी, हीच एका कोपऱ्याची वजावट. चार कोपऱ्यांचे ४३.२ झाले, म्हणून पट्टी १३९६.८ म्हणजे १३९७ मिमी कापायला हवी होती.

रेघाही त्याच हिशोबाने सरकतात. टोकाच्या कानातून अर्धी वजावट जाते, मधल्या प्रत्येक भागातून पूर्ण. टोकापासून पहिली रेघ ५४.६ वर, दुसरी ४५३.८ वर, तिसरी ९४३ वर आणि चौथी १३४२.२ वर. प्रत्येक माप एकाच टोकापासून घ्या. रेघेपासून पुढची रेघ मोजत गेलात तर प्रत्येक वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढच्या मापात साठत जाते.

आता महत्त्वाची गोष्ट. १०.८ हा आकडा तुमच्या व्हाइसवर (पट्टी जबड्यात पकडणाऱ्या शिकंज्यावर) आणि तुमच्या पट्टीवर तसाच येईल असे नाही. आतली गोलाई ६ ऐवजी ९ झाली तर वजावट बाराच्या आसपास जाते. म्हणून त्याच पट्टीचा बरोबर २०० मिमीचा तुकडा कापा, मधोमध रेघ मारा आणि खऱ्या कामात वाकवणार तसाच काटकोनात वाकवा. मग दोन्ही बाजू बाहेरून मोजून बेरीज करा आणि त्यातून २०० वजा करा. उरेल तीच तुमची वजावट. सूत्र आणि हा तुकडा यांच्यात फरक आला तर तुकड्याचे ऐका. पट्टी दुसऱ्या गठ्ठ्यातली आणली, साचा (ज्या गोल कडेच्या लोखंडी तुकड्यावर पट्टी वाकवतो तो) बदलला किंवा जाडी बदलली की नवा तुकडा वाकवा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्याने चौदाशे मिलिमीटर पट्टी वाचते.

रेघ व्हाइसमध्ये कुठे धरायची हेही याच प्रयोगात ठरते. ६ मिमी गोलाईच्या साच्यावर वाकवताना आमच्या हिशोबाने रेघ साच्याच्या माथ्याला समपातळीत, फार तर अर्धा मिलिमीटर वर राहिली पाहिजे. गोलाई तपासायला १२ मिमी ड्रिलची गुळगुळीत दांडी कोपऱ्याच्या आत लावून उजेडाकडे धरा. फट दिसली नाही तर त्रिज्या ६ आहे. दांडी दोन्ही बाजूंना टेकते आणि मधे उजेड दिसतो, तेव्हा कोपरा टोकदार झाला आहे.

कान बाहेरच्या दिशेने वळवायचे असतील तर वजावट तीच राहते. फक्त कानाची लांबी पायाच्या आतल्या अंगापासून मोजायची, कारण तो कोपरा उलटा वळतो.

प्रश्न: कोपरा नीट येतच नाही. व्हाइसच्या वर वीत-दीड वीत पट्टी कमानीसारखी वाकते. जोर कमी पडतो का?

जोर कमी पडत नाही, तो चुकीच्या जागी लागतो. पट्टीच्या शेंड्याला धरून ओढले की ताण व्हाइसच्या तोंडाशी सर्वांत जास्त असतो आणि वर जाताना हळूहळू उतरतो. एक मीटर वर ओढत असाल, तर तोंडापासून १०० मिमी वरही ताण नव्वद टक्के शिल्लक असतो. कोपऱ्यातले लोखंड वाकले की ते थोडे कडक होते, आणि मग त्याच्या वरचे मऊ लोखंड वाकायला लागते. कमान होते ती अशी.

उपाय म्हणजे कोपऱ्याच्या वरच्या भागाला वाकूच द्यायचे नाही. अँगलचे दोन लांब तुकडे पट्टीच्या दोन्ही अंगांना लावून क्लॅम्पने आवळा आणि त्यांचे खालचे टोक वाकणाऱ्या भागाच्या अगदी वर, साधारण १५ मिमी सोडून ठेवा. पाइप घालायचा असेल तर त्याचा आतला व्यास ४१ मिमीपेक्षा थोडा जास्त हवा. पट्टीचा कर्णच ४०.४ मिमी आहे, त्यामुळे ४० चा पाइप जात नाही.

पट्टी सरळ स्थितीपासून साधारण ८० अंश वळेपर्यंत हाताने वाकवा आणि शेवटचे काम हातोड्याने करा. दीड किलोचा हातोडा, मधे लाकडाचा किंवा तांब्याचा तुकडा, आणि घाव कोपऱ्याच्या वर ३० ते ५० मिमीच्या पट्ट्यात. शेंड्यावर घाव घातला तर पट्टी फक्त थरथरते.

लागणारा जोर तसा फार नाही. ४०×६ पट्टीला कोपऱ्यात सुमारे ९० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे एक मीटर लांब दांडीला नऊ-दहा किलोचा ओढ. लोखंड कडक होत जाते म्हणून बारा-चौदा किलो धरा. पण जाडी वाढली की हिशोब वर्गाने वाढतो. ५ मिमीची पट्टी १० मिमीची झाली तर जोर दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. रुंदी दुप्पट झाली तर मात्र दुप्पटच.

कानांसाठी एक युक्ती. ६० मिमीचा कान वर ठेवून तो वाकवायचा प्रयत्न केला तर धरायला काही उरत नाही. कान व्हाइसमध्ये धरा आणि लांब भाग फिरवा. अँगलचा आधार तेव्हा विसरू नका.

प्रश्न: गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून बरोबर ९० अंश आणले, व्हाइसमधून काढले की ९२ भरतात. मोठी गोलाई केली तर फरक आणखी मोठा. कारण काय?

लोखंड वाकवताना त्याचा काही भाग कायमचा वाकतो, पण पट्टीच्या मधल्या थरापर्यंत तेवढा ताण पोचत नाही. तो मधला भाग स्प्रिंगसारखा राहतो आणि सुटका होताच पट्टीला थोडे मागे ढकलतो. कोपरा जितका घट्ट तितका हा भाग लहान. ६ मिमी गोलाईला एक ते दोन अंश मागे येतात, म्हणून कोन ८८ पर्यंत न्यायचा आणि सोडायचा. पहिल्याच फेरीत ८५ करून ठेवू नका. थोडे कमी वाकलेले पुन्हा वाकवता येते. जास्त वाकलेले उघडताना मात्र कडक झालेल्या कोपऱ्याला उलटा ताण बसतो. एकदा उघडले तर चालते, दोन-तीनदा केले तर तडा जाण्याची वाट मोकळी होते.

मोठ्या गोलाईत तोच स्प्रिंगचा भाग मोठा असतो. १५० मिमी त्रिज्येच्या साच्यावर ६ मिमी जाडीची पट्टी गुंडाळली तर सुटल्यावर त्रिज्या १६५ च्या पुढेमागे येते. त्याच साच्यावर ३ मिमीची पट्टी गुंडाळली तर १८५ पर्यंत उघडते. म्हणून पातळ पट्टीला साचा जास्त लहान लागतो. पोलादाची कडकपणाची प्रत बदलली की हे आकडे बदलतात, तेव्हा इथेही आधी तुकडा गुंडाळून बघा.

साचा नसेल तर पट्टीवर दर १० मिमीला खडूची खूण करा आणि प्रत्येक खुणेवर थोडे थोडे वाकवत जा. प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा गोलाईचा नमुना दर चार-पाच खुणांनंतर लावून पाहा. शेवटी एकदाच लावलात तर कुठे जास्त वाकले ते शोधता येत नाही.

प्रश्न: कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक तडे दिसतात. पट्टी स्वच्छ, चकचकीत, अगदी नेमक्या मापाची होती. चांगल्या मालालाच तडा कसा गेला?

चकचकीत आणि नेमक्या मापाची होती, म्हणूनच. ती थंड ओढलेली पट्टी असणार, ‘ब्राइट’ म्हणतात ती. कारखान्यात थंडपणी ओढतानाच तिचा बराचसा ताण सहन करण्याचा साठा खर्च होऊन गेलेला असतो. मशीनच्या कामाला ती उत्तम, घट्ट कोपऱ्याला वाईट. काळी पापडी असलेली गरम लाटलेली पट्टी दिसायला ओबडधोबड, पण वाकवण्यासाठी तीच घ्यावी. ब्राइटच वापरायची असेल तर आतली गोलाई जाडीच्या दोन-तीन पट ठेवा. ताणाचा हिशोब साधा आहे. त्रिज्या जाडीइतकी असेल तर बाहेरचा थर ढोबळ मानाने ३३ टक्के ताणला जातो, दुप्पट असेल तर २० टक्के.

तड्याची आणखी तीन कारणे पाहून ठेवा.

पहिले, व्हाइसची धार. पट्टी सरळ जबड्याच्या टोकदार कडेवर वाकवली तर आत चर पडतो आणि बाहेर सगळा ताण एका रेषेत येतो. जबड्याच्या दातांचे व्रणही उमटतात. १२ ते १६ मिमी जाडीच्या लोखंडी तुकड्याची एक कड ग्राइंडरने आणि कानशीने ६ मिमी त्रिज्येत गोल करा. पट्टी ज्या बाजूला वाकणार त्या बाजूला, जबडा आणि पट्टी यांच्या मधे तो धरा. दुसऱ्या बाजूला अँगलचा तुकडा पुरतो.

दुसरे, आखणीचा ओरखडा. आखणीच्या सुईची रेघ बाहेरच्या, ताणल्या जाणाऱ्या अंगावर मारली की तडा तिथूनच सुरू होतो. बाहेर पेन्सिल किंवा मार्कर वापरा. सुई चालवायची तर आतल्या अंगावर. पंचाचा ठोका कोपऱ्यात कुठेच नको.

तिसरे, कातरलेल्या कडा. मोठ्या पत्र्यातून कातरून काढलेल्या पट्टीच्या कडा कडक आणि खरबरीत असतात, आणि तडा नेहमी कडेवर उगवतो. वाकवण्याआधी कोपऱ्याच्या जागी दोन्ही कडा लांबीच्या दिशेने कानशीने घासा आणि धार मोडून किंचित गोल करा. आडवे घासू नका, त्या प्रत्येक आडव्या रेषेतून तडा जाऊ शकतो. कातरलेल्या पट्टीत लाटणीची दिशाही उलटी असू शकते. मूळच्या लाटलेल्या पट्टीत ती लांबीलाच असते, त्यामुळे आपला कोपरा तिला आडवा येतो आणि ते चांगले.

तडा दिसलाच तर वरून रंग देऊन तो झाकू नका. व्ही आकाराचा चर करून तळापर्यंत वेल्डिंग करा, नाहीतर तुकडा बदला. कोपऱ्यावर टेबलाचा सगळा हेलकावा येतो.

प्रश्न: ५०×१० ची पट्टी वाकवायची आहे, भट्टी नाही. गॅसच्या साध्या टॉर्चने तापवली, पण लाल होत नाही. थोडी निळसर झाल्यावर वाकवली तर चालेल?

निळसर असताना अजिबात नाही. साधारण २०० ते ३५० अंश सेल्सियसच्या टप्प्यात साधे पोलाद थंडपेक्षाही ठिसूळ वागते. वाकवायचे तर एकतर पूर्ण थंड, नाहीतर नारिंगी लाल, म्हणजे ८५० ते ९५० अंश. लालसर गडद रंग दिसेनासा व्हायला लागला की थांबा आणि पुन्हा तापवा. रंग सावलीत पाहायचा. उन्हात नारिंगी पट्टीही काळपट दिसते आणि माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापवून बसतो.

साधा टॉर्च पुरत नाही कारण उष्णता कोपऱ्यात थांबत नाही, दोन्हीकडे पट्टीत पळते. कोपऱ्याभोवती भट्टीच्या विटांचा छोटा कोनाडा करून ज्योत आतच कोंडली तर फरक पडतो, पण ५०×१० ला एका साध्या टॉर्चची ताकद बहुधा अपुरीच पडेल. ऑक्सिजनचा गॅस नसेल तर चर पाडून वाकवणे जास्त भरवशाचे.

चर आत पाडायचा की बाहेर, यावर वाद असतो. आत पाडलात तर तो व्ही आकाराचा आणि पुरा ९० अंश उघडा हवा. ७ मिमी खोल असेल तर तोंडाशी १४ मिमी रुंद. ३ मिमीच्या चकतीने नुसता सरळ चर मारला तर २५ अंशांच्या आसपास त्याच्या भिंती एकमेकींना भिडतात. त्यापुढे जोर लावला की उरलेले ३ मिमी बाहेरून फाटतात. ही चूक फार होते. आमचे मत बाहेरून चर पाडण्याकडे झुकते. ६ मिमी खोल सरळ चर मारा, वाकवा. चर उघडून व्ही होतो आणि वेल्डिंगची सळई तळापर्यंत पोचते. दोन-तीन थरांत भरा, मग घासून गोल करा. वेल्डिंगच्या आधी कोन गुण्याने पक्का करून एक तिरकी पट्टी टाक्यांनी अडकवून ठेवा, कारण थंड होताना वेल्ड आकसतो आणि कोन उघडा पडतो.

चर मारलेला कोपरा वेल्डिंगशिवाय सोडू नये, कितीही घट्ट वाटला तरी. टेबल थोडे थोडे हलत राहते आणि उरलेले पातळ लोखंड तिथेच थकून तुटते.

सुरक्षेचे दोन मुद्दे, दोन्ही गंभीर. कापायच्या चकतीच्या बाजूने कधीही घासू नका, ती फुटते. ग्राइंडरचे कवच काढू नका आणि डोळ्यांवर चष्मा, त्यावर चेहऱ्याचे कवच असू द्या. दुसरे, जस्ताचा मुलामा असलेली पट्टी तापवू नका किंवा तशीच वेल्ड करू नका. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे तुमच्या नारिंगी रंगाच्या आतच. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. मुलामा कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना चांगला ५० मिमी आधी काढून टाका आणि काम मोकळ्या हवेत करा.

तापवलेला कोपरा पाण्यात बुडवू नका, हवेत निवू द्या. साध्या पोलादाला पाण्याने फार फरक पडत नाही, पण भंगारातून आणलेली पट्टी नक्की कशाची आहे हे कुणी सांगावे? स्प्रिंगच्या पोलादाची निघाली तर पाण्याने ती काचेसारखी ठिसूळ होते.

प्रश्न: तीन कोपरे झाले, चौथा वाकवताना आधीचा पाय व्हाइसला आणि टेबलाला अडतो. क्रम काय ठेवावा?

टोकांकडून मधे. आधी दोन्ही कान, मग तळाचा एक कोपरा, शेवटी दुसरा. सगळे कोपरे एकाच दिशेने वळतात, म्हणून व्हाइस टेबलाच्या अगदी कडेला बसवा आणि पाय तुमच्याकडे, मोकळ्या बाजूला येतील असे धरा. शेवटच्या कोपऱ्याला तळाचा भाग खाली सोडलात तर व्हाइसच्या तोंडाखाली ४९० मिमी आणि त्याला जोडलेला आडवा पाय असतो. खाली जमिनीपर्यंत निदान ६०० मिमी जागा हवी.

पट्टी खाली जाते तिथे व्हाइसचा स्क्रू मधे येतो. त्यामुळे ती जबड्याच्या मध्यावर न धरता एका टोकाला धरावी लागते. तसे केले की जबडा तिरका आवळला जातो आणि पट्टी ऐन वेळी फिरते. जबड्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच पट्टीचा ६ मिमीचा तुकडा आणि साच्याच्या जाडीचा तुकडा घाला, म्हणजे दोन्ही टोके सारखी आवळली जातील.

दोन चौकटी एकसारख्या हव्यात तर एक पूर्ण करून दुसरीला हात घालू नका. दोन्हींचा पहिला कोपरा, मग दोन्हींचा दुसरा, असे चला. साचा, हाताचा जोर, कोन सगळे तेच राहते.

प्रश्न: चारही कोपरे काटकोनात आहेत, तरी चौकट फरशीवर डुलते.

पीळ आहे. जवळजवळ नेहमी वाकवण्याची रेघ पट्टीला काटकोनात नसते. ४० मिमी रुंदीत रेघेचे एक टोक ०.७ मिमी पुढे गेले तर रेघ एक अंशाने तिरकी झाली. तेवढ्याने ४१० मिमी उंचीचा पाय वरच्या टोकाला ७ मिमी कलतो. पाऊण मिलिमीटर ही पेन्सिलीच्या बोथट टोकाची जाडी आहे. रेघ गुण्याने मारा, दोन्ही कडांवरून फिरवून मागच्या अंगावर न्या आणि पट्टी व्हाइसमध्ये धरताना जबड्याशी गुण्या लावून तिची लांबी उभी आहे का ते पाहा.

झालेला पीळ काढता येतो. तळाच्या पट्टीवर आणि वरच्या दोन कानांवर एकेक सरळ काठी आडवी ठेवा आणि लांबून एका डोळ्याने पाहा. काठ्या समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर कोपऱ्याजवळचा सपाट भाग व्हाइसमध्ये धरा. त्याच्या वर १०० मिमीवर मोठा पाना लावा आणि पट्टीला तिच्याच अक्षाभोवती पिळा. थोडे जास्त पिळावे लागते, ती मागे येतेच. कोपऱ्यातच पाना लावू नका.

प्रश्न: भोके आधी पाडावीत की नंतर?

कानांची भोके आधी. वाकल्यावर ड्रिलचा चक पायाला अडतो. फक्त भोक कोपऱ्यापासून दूर ठेवा, नाहीतर ते ताणून लांबट होते. भोकाची कड आणि कोपऱ्याची सुरुवात यांत जाडीच्या अडीच पट, म्हणजे १५ मिमी तरी अंतर हवे. तुमच्या ६० च्या कानात सपाट भाग ४८ मिमीचा आहे, टोकापासून २० मिमीवर भोक घेतलेत तर पुष्कळ जागा राहते. फळी अखंड लाकडाची असेल तर तंतूंच्या आडव्या दिशेने भोक लांबट करा. ६ मिमीच्या स्क्रूला १० मिमी लांबीची खाच आणि वॉशर. लाकूड ऋतूप्रमाणे रुंदीत फुगते-आकसते आणि गच्च आवळलेला स्क्रू त्याला चीर पाडतो.

तळाला उंची जुळवणारे पाय लावायचे असतील तर एम६ साठी ५ मिमी, एम८ साठी ६.८ मिमी ड्रिल करून टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवा. ६ मिमी जाडीत एम६ चे सहा आटे बसतात, तेवढे पुरेत.

प्रश्न: पट्टी रुंद अंगावर न वाकवता कडेवर वाकवता येईल का?

४० मिमी रुंदीची पट्टी घरी थंडपणी कडेवर वाकवू नका. आतली कड चुरगळून लाटा पडतात आणि पट्टी बाजूला पलटते. पत्र्यातून वक्र तुकडा कापून घ्यावा किंवा छोटे तुकडे तिरके कापून वेल्ड करावेत.

प्रश्न: टीपॉय घट्ट उभा राहिला, म्हणून त्याच ४०×६ पट्टीतून ७१० मिमी उंचीचे जेवणाचे टेबल केले. ते बाजूला डुलते. वेल्डिंग नाही, सांधा नाही, मग सैल काय आहे?

सैल काहीच नाही. पट्टीच लवते. आडव्या धक्क्याला पायाचे लवणे उंचीच्या घनाने वाढते आणि जाडीच्या घनाने घटते. वर फळीला पक्की आवळलेली चौकट धरली आणि प्रत्येक चौकटीवर दहा किलोचा आडवा धक्का दिला, तर ४१० उंचीला वरचे टोक साधारण २ मिमी सरकते. ७१० उंचीला तेच सुमारे १० मिमी. तळाची पट्टीही थोडी लवते, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच. ८ मिमी जाडी घेतली तर हा आकडा साडेचारच्या खाली येतो, १० मिमी घेतली तर जेमतेम सव्वादोन.

लक्षात घ्या की रुंदी ४० ची ५० केल्याने या दिशेला फार फायदा होत नाही, फक्त चौथा हिस्सा. रुंद पट्टी दिसायला भक्कम वाटते, पण ती भक्कम आहे ती टेबलाच्या लांबीच्या दिशेने. डुलते ती दुसऱ्या दिशेला.

आता टेबल झालेच आहे, तर ते टाकू नका. प्रत्येक चौकटीत वरच्या एका कोपऱ्यापासून तळाच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत २५×५ ची एक तिरकी पट्टी बोल्टने बसवा. पुढच्या वेळी चौकट आयताची न करता व्ही आकाराची करा, म्हणजे पट्टी लवण्याऐवजी लांबीने भार घेते. तेव्हा ६ मिमी जाडी ७१० उंचीलाही बरीच चांगली वागते. व्ही च्या खालच्या टोकाला कोपरा काटकोनाचा नसतो, म्हणून वजावटीचा तुकडाही त्याच कोनात वाकवून मोजावा.

प्रश्न: रंग फक्त कोपऱ्यांवरच सुटतो.

रंगाखालची काळी पापडी कोपऱ्यात फुटलेली असते. लाटताना तयार झालेली ती पापडी कडक आणि ठिसूळ, लोखंडाबरोबर ताणली जात नाही. वाकताना तिचे तुकडे उचलतात आणि रंग त्या तुकड्यांवर चिकटतो. वाकवून, वेल्ड करून, भोके पाडून सगळे संपले की मग पापडी काढा. ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप चकती कोपऱ्याच्या बाहेरून सहज फिरते. आतल्या गोलाईत ती पोचत नाही, तिथे पॉलिश पेपर १२ मिमीच्या दांडीला गुंडाळून घासा. वाकवण्याआधी पापडी काढायची असेल तर पट्टी एक रात्र व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि ब्रशने घासून काढा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा, नाहीतर तासाभरात तांबूस गंज धरतो. प्रायमर त्याच दिवशी. तळाच्या खालच्या अंगालाही, कारण पुसताना फरशीचे पाणी तिथेच साचते.